दादाच्या पाट्या आणि फ्लेक्सचं मशीन

लातूर जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होते. सगळ्या पाट्यांवर 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहायचं होतं. माझा दादा पेंटर. त्याला जेवायलाही फुरसत नव्हती. शाळा सुटली की मी त्याच्याकडं जायची, त्यानं आखलेल्या अक्षरांत रंग भरायची. अक्षर मला त्यानंच शिकवलं.

पुढं कॉम्प्युटरवर कापलेली स्टिकरची अक्षरं आली. तोवर त्याचं बरं चाललं. मग गावातल्या एका दुकानात हैदराबादहून फ्लेक्सचं मशीन आलं. मी डीटीपी शिकलेली, म्हणून मालकांनी मला डिझाइनला ठेवलं. दादा एकदा बघायला आला. मशीनचं हेड इकडून तिकडं फिरत होतं आणि आख्खी पाटी, फोटोसकट, बाहेर सरकत होती.

"वाळायला किती वेळ?" त्यानं विचारलं.

"लगेच वाळतं, दादा."

"मग कठीण हाय," म्हणाला आणि निघून गेला.

हळूहळू त्याच्याकडं फक्त देवळांच्या भिंती उरल्या. दुष्काळात त्याही थांबल्या. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं येत होतं. भिंती कोण रंगवून घेणार? आमच्या मशीनला मात्र काम होतं, टँकरनं पाणी वाटणाऱ्या पुढाऱ्यांचे फ्लेक्स. मालकांना सांगून मी दादाला फ्लेक्स बांधायच्या कामाला लावलं. मी केलेली डिझाइनं तो भर उन्हात औसा रोडच्या खांबांवर बांधायचा. एकदा चक्कर येऊन रस्त्यातच बसला. कळल्यावर मी धावत गेले.

"तू म्हणलीस म्हणून आलो, माय," तो म्हणाला. "पण ज्यानं माझं काम खाल्लं, तेच बांधायलोय. हात चालंना."

त्याच आठवड्यात तो लेकीकडं पुण्याला गेला. तिथं एका सोसायटीच्या गेटवर बसायचा. लातूरला परत आला नाही.

गेल्या वर्षी तो वारला. भाचीनं मोबाइलवर फोटो पाठवला. "आत्या, दारापुढं लावायला फ्लेक्स तूच कर."

कुठल्याशा लग्नातला घोळक्याचा फोटो होता. मोठा करायला गेले तर दादाच्या चेहऱ्याचे नुसते चौकोन झाले.

"दुसरा न्हाई का गं?"

"न्हाई आत्या. काढूच देत नव्हते."

मग फोटो तळहाताएवढाच ठेवला. मालक म्हणाले, "बाई, तुम्ही बसा, मी करतो." मी नको म्हणाले. नाव स्वतः टाइप केलं, मशीन सुरू केलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले.