हार बोटीला नको

रझियाताई मुलाणींची आणि माझी पहिली भेट म्हणजे चक्क खडाजंगी होती. कारेगावला त्यांनी भाड्यानं घेतलेल्या शेडमध्ये मी फायबरचं काम मागायला गेलो होतो. बोटीच्या पोटाखाली पंख बघून मला हसू फुटलं. "मॅडम, ही काय उडणार हाय का?"

"व्हय, उडणार. हसून झालं असंल तर पॉलिशपेपर घ्या हातात."

तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे.

ताई मूळच्या वरवंडच्या. कारखान्यातली इंजिनिअरची चांगली नोकरी सोडून त्यांनी हे काम हाती घेतलं. भीमेच्या एका काठाला शिरूर, दुसऱ्या काठाला दौंड. पलीकडचं गाव डोळ्यांना दिसतं, पण पुलावरून जायचं तर केवढा वळसा! ताईंची बोट बॅटरीवर चालते, धूर नाही की आवाज नाही. वेग आला की पाण्यातले पंख तिला वर उचलतात, त्यामुळे बॅटरीही पुरते. अडलंय ते फक्त प्रवासी नेण्याच्या परवान्यावर.

का अडलं, तेही सांगतो. चाचणीला परवाना देणारे साहेब लोक नदीवर आले होते. नव्या ट्रॅक्टरला घालतात तसा काठावरच्या गावातल्या म्हाताऱ्या आबांनी बोटीच्या नाकाला झेंडूचा भलाथोरला हार घातला. निघताच हार पाण्यात घसरला आणि पंखाला गुंडाळला. बोट काही उठेना. "बाई, तुमचं विमान बसलं की," म्हणत साहेब हसले आणि गाडीत बसून निघूनही गेले. माझं डोकं असं सणकलं!

ताईंनी कमरेइतक्या पाण्यात उतरून हार सोडवला. आबा रडकुंडीला आले होते. ताई त्यांना म्हणाल्या, "आबा, रडताय काय? काठावर उभं ऱ्हावा आन् बघा."

ताईंनी पुन्हा वेग दिला आणि बोट उठली. आबा ओरडले, "आरं, पाणी खालीच ऱ्हायलं की!"

बघायला साहेब मात्र नव्हते. त्यांच्या लेखी बोट नापासच.

आता काहीजण म्हणतात, साठी झाली, ताईंनी आराम करावा. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी एकदा शेडवर यावं! ताईंनी पुन्हा चाचणी मागितली आहे, आणि ती झाल्याशिवाय आम्ही त्या साहेबांना सोडणार नाही.

आजच्या या साठीच्या सत्कारालाही त्यांनी बजावलंय, "हार आणाल तर याद राखा. परवाना आला की पलीकडच्या काठाला घाला. मला. बोटीला न्हाई."

ताईंना उदंड, ठणठणीत आयुष्य लाभो. हाराची काळजी नको. आबांनी यंदा पलीकडच्या काठाला झेंडू लावलाय.