दुसऱ्याच्या प्रार्थनेला आमेन

आमच्या चर्चच्या मंडळीत दर बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. मी मंडळीचा वडील, म्हणजे कारभाऱ्यांपैकी एक, त्यातून निवृत्त हेडमास्तर. शेवटची प्रार्थना माझी, हे कुणी ठरवलं नव्हतं. मीच ठरवून टाकलं होतं.

मे महिन्यातल्या एका सभेत अक्कलकोटकडून नव्यानं राहायला आलेल्या बाई प्रार्थना करू लागल्या. होस्टेलवरचा स्वयंपाक आटोपून तशाच आल्या होत्या. पावसासाठी मागितलं, पाळकांसाठी, शाळेतल्या पोरांसाठी, शेजारणीच्या शेळीसाठीसुद्धा. संपेचना. सोलापूरचं ऊन, त्यात लाईट गेलेली, माझे गुडघे ठणकत होते. बाईंनी श्वास घेतला तेवढ्यात मी खणखणीत "आमेन" म्हणून टाकलं. पाठोपाठ सगळे म्हणाले. बाईंनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि पदर सारखा केला. मग पोहे आले. सभा वेळेत आटोपली म्हणून मी खूश होतो.

त्यानंतर चार बुधवार त्या आल्याच नाहीत. माझ्या बायकोनं शेवटी सुनावलं, "देवाशी बोलणाऱ्या बाईचं तोंड बंद करणारे तुम्ही कोण?" मला राग आला. खरं ऐकलं की येतोच. या वयात स्वतःला सुधारत बसायचं म्हणजे जीव शिणवणारं काम, आणि ते कधी संपतही नाही.

तरी त्यांच्या घरी गेलो. रिक्षात माफीची वाक्यं जुळवली, नम्रतेवरची बायबलमधली दोन वचनंही आठवून ठेवली. आमच्या ख्रिस्ती रिवाजानं "सलाम बाई," म्हणून दारातच सुरुवात केली. थोड्या वेळानं लक्षात आलं, स्वतःचा आवाज मलाच आवडायला लागलाय. लाज वाटली. बाकीचं सोडून दिलं आणि म्हणालो, "चुकलं माझं."

"बसा की सर, लई ऊन हाय." त्यांनी पाणी दिलं. आतल्या खोलीत कॉटवर कुणीतरी झोपलं होतं. "मालक हायेत. किडन्या गेल्यात त्यांच्या. त्या दिशी सगळ्यांचं मागून झाल्यावर त्यांचं मागणार हुते. आपलं मानूस शेवटी घ्यावं म्हणलं."

मी पेला खाली ठेवला. "येत्या बुधवारी या," मी म्हणालो, "शेवटची प्रार्थना तुम्ही करा."

"न्हाई सर. आता चारचौघांत जीभच उचलत न्हाई. मनातच करते."

"मग मालकांसाठी आत्ता मी करू?"

"करा की," त्या म्हणाल्या. "पन हळू करा. त्यांचा आत्ताच डोळा लागलाय."