एका हाताने उघडणारा चाकू

गल्लीत तिला सगळे कुशनवाली म्हणत. खचलेले सोफे, पाय मोडलेल्या खुर्च्या, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या तिच्याकडे यायच्या आणि नटूनथटून परत जायच्या. हे काम तिने वडिलांच्या हाताखाली शिकून घेतलं होतं. त्यांचाच एक मिटवायचा चाकू ती वापरायची. लाकडी मूठ, बोटभर लांबीचं पातं. जुनं कापड उसवायचं, दोरे तोडायचे, फोमचे कोपरे तासायचे, सगळं त्यानेच. एप्रनच्या खिशात तो कायम असायचा.

गाळ्याच्या उरलेल्या अर्ध्या भागात तिचा नवरा कुलपं-किल्ल्यांचं काम करायचा. तो मुलखाचा अबोल, आणि ही दोघांच्या वाटणीचं बोलून टाकणारी. गिऱ्हाइकाने त्याला काही विचारलं की उत्तर हिच्याकडून यायचं. मूलबाळ झालं नाही, ते दुःख दोघांनी केव्हाच गिळलं होतं. एकूण बरं चाललं होतं, निदान तिला तसं वाटत होतं. अलीकडे तो बाहेरगावची कामं जरा जास्तच घ्यायला लागला होता आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून पडायचा. तिने एकदोनदा छेडलं. दमतो गं, एवढंच तो म्हणाला.

मग एका सकाळी दात घासताना तिच्या डाव्या हातातून पेला निसटला. उचलायला वाकली, तर हात ऐकेचना. दवाखान्यात धावपळ झाली. पाय वाचले, वाचा वाचली. "वाचा गेली असती तर गल्लीला करमलं नसतं," असं ती स्वतःच सांगायची. पण डावा हात कोपरापासून लुळा पडला तो पडलाच.

नवरा या आजारपणाने पार बदलून गेला. बाहेरगावची कामं बंद केली. ती दवाखान्यातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो हत्यारांची पेटी घेऊन घरभर हिंडायला लागला. फिरवायच्या नळाला त्याने लांब दांडी बसवली, म्हणजे कोपराने ढकलता येईल. डब्यांची झाकणं उघडायला ओट्याच्या कडेला एक खाच करून दिली. भाजी चिरायच्या पाटावर दोन खिळे उलटे ठोकले, बटाटा त्यात रुतवला की हलायची बिशाद नाही. ब्लाउजची बटणं काढून पुढून चिकटणाऱ्या पट्ट्या लावून आणल्या, आणि त्या लावायला शिंप्याकडे स्वतः गेला. तिचा हातोडा त्याने तोंडाशी लोहचुंबकाचा केला, म्हणजे खिळा धरायला दुसरा हात नको.

राहिला चाकू. पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवून, दुसऱ्या हाताने मूठ धरून तो उघडावा लागायचा. ती गाळ्यावर परतली तेव्हा मूठ हातात धरून पातं दातांनी ओढायची. नवऱ्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने चाकू तिच्या हातातून काढून घेतला.

पुढे बरेच दिवस तो त्या चाकूच्याच मागे होता. पातं मुठीला जोडणारा जुना रिवेट काढून त्याने तिथे स्क्रू बसवला. पात्याच्या दोन्ही बाजूंना कागदासारख्या पातळ पितळी चकत्या घातल्या. आतली पट्टी घासून घासून गुळगुळीत केली आणि पात्याच्या बुडाशी अंगठ्याने रेटायला एक छोटीशी गुंडी लावली. पहिल्यांदा काम इतकं सैल झालं की चाकू खिशातच उघडला आणि एप्रन फाटला. मग पुन्हा खोलला, पुन्हा आवळला. किती आवळला तर अंगठ्याला जड जात नाही आणि किती सैल सोडला तर आपोआप उघडत नाही, हे तो तिला पुन्हा पुन्हा विचारत राहिला. शेवटी असं जमलं की अंगठा नुसता सरकवायचा, पातं टक् करून जागेवर.

"डोळे मिटून उघड बघू," तो म्हणाला.

तिने उघडला. त्याने तो मिटवायलाही शिकवलं, मांडीवर पात्याची पाठ दाबून, बोटं वाटेत न आणता. तिला जमेपर्यंत तो समोर उकिडवा बसून होता.

ती हे येईल त्याला करून दाखवायची. गिऱ्हाईक सोफ्याचं विचारायला यायचं आणि चाकू बघून जायचं. शेजारणी म्हणायच्या, नशीब काढलंस. ती वरवर नाक मुरडायची, पण आतून फुलून यायची. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने कधी दोन गोड शब्द काढले नव्हते, आणि आता त्याचं प्रेम नळाला, पाटाला, हातोड्याला जिथे तिथे हाताला लागत होतं. हात गेला याचं वाईट वाटायचं, पण त्या बदल्यात नवरा मिळाला, असंही तिच्या मनात येऊन जायचं. आणि ते मनात आलं म्हणून लाजही वाटायची.

थोरली नणंदही त्या वर्षात सारखी यायची. एरवी वर्षातून दोनदा तोंड दाखवणारी, आता दर आठवड्याला हजर. एकटीला अंघोळ जमते का, केस विंचरता येतात का, गॅसचा सिलिंडर आला तर काय करतेस, असं खोदून खोदून विचारायची. कुशनवालीला वाटायचं, आपण या बाईला उगाच कोरडी समजत होतो.

अशाच एका दुपारी नणंद गाळ्यावर आली. नवरा कोणाचं तरी कपाट उघडायला गेला होता. कुशनवालीने खुर्ची पालथी घातली, गुडघ्याने दाबून धरली, खिशातून चाकू काढला, टक् करून उघडला आणि बोलता बोलता चारी बाजूंचं कापड उसवून काढलं. नणंद एकटक बघत होती. तिने सुस्कारा सोडला.

"झालं बाई एकदाचं," ती म्हणाली. "तुझं काही अडत नाही आता. त्याला सांगायला हरकत नाही."

"कसली हरकत, वन्सं? काय सांगायचंय त्यांना?"

नणंदेने तोंडावर हात ठेवला. त्या हाताकडे बघूनच कुशनवालीला अर्धं कळलं. उरलेलं तिने नणंदेकडून काढून घेतलं. बाहेरगावी एक बाई होती. तिच्या दुकानाची कुलपं बदलायला तो गेला होता आणि मग जातच राहिला होता. आजारपणाआधीच त्याचं तिकडे राहायला जायचं ठरलं होतं. बायकोला सांगणार तेवढ्यात हा हात गेला. लुळ्या बाईला टाकून गेला असं कोणी म्हणू नये, आणि त्यालाही तसं जाववेना. म्हणून भावा-बहिणीत ठरलं होतं, की ही आपल्या पायावर उभी राहिली की मगच.

नवरा परत आला तेव्हा नणंद निघून गेली होती. कुशनवालीने त्याला बसू दिलं, पाणी पिऊ दिलं. मग विचारलं. त्याने काहीही नाकारलं नाही. तो म्हणाला, खोटं नव्हतं त्यात काही, तुझं नीट व्हावं असंच मला वाटत होतं.

"म्हणजे घरातली एकेक वस्तू तुम्ही माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी सैल करत होतात," ती म्हणाली.

आठवड्याभरात तो गेला. जाताना नळाच्या दांडीचा स्क्रू महिन्यातून एकदा आवळायला सांगून गेला.

ती रडली, शिव्या दिल्या, नणंदेला दारातूनच परत पाठवलं. पण खरी ठसठस वेगळीच होती. नवरा दुसरीकडे गेलेल्या बायका तिने पाहिल्या होत्या. त्यांचे वाईट दिवस वाईट होते आणि चांगले दिवस चांगले. हिचं तसं नव्हतं. आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं म्हणून जे वर्ष ती धरून बसली होती, तेच नेमकं त्याच्या निघण्याच्या तयारीचं होतं. तो समोर उकिडवा बसून डोळे मिटून उघड म्हणाला, तेव्हा तो तिच्याकडे बघत होता की दाराकडे, हे आता कोणाला विचारणार?

संतापात तिने चाकूचा स्क्रू पिळून पिळून घट्ट केला. पातं जागचं हलेना. पुन्हा दातांनी ओढायला लागली, त्यात पुढच्या दाताचा कपचा उडाला. काम तुंबलं. स्क्रू पुन्हा सैल करणं तिच्या हातात होतं, पण ते तिच्याने होईना. शेवटी ती बाजारात गेली आणि भांड्यांच्या दुकानातून एक साधा चाकू घेऊन आली. मिटणारा नाही, उघडायचा प्रश्नच नाही. चामड्याच्या तुकड्याचं म्यान करून, ते कामाच्या फळीला खिळ्यांनी मारून टाकलं. चाकू काढायचा आणि कापायचं. इतकी सोपी गोष्ट दोघांपैकी एकालाही सुचली नव्हती, याचं तिला गाळ्यात बसल्या बसल्या हसू आलं, आणि ते हसू काही चांगलं नव्हतं.

गाळ्याचा अर्धा भाग तिने छत्र्या दुरुस्त करणाऱ्या एका विधवा बाईला दिला. तीही बोलकी निघाली. दोघींच्या बोलण्यात गिऱ्हाइकाला शिरकाव मिळेना.

बऱ्याच महिन्यांनी नवऱ्याचा फोन आला. इकडचं तिकडचं विचारून झालं. मग तो जरा थांबून म्हणाला, "चाकू नीट चालतोय ना? चकत्या झिजल्या असतील तर सांग. नव्या पाठवतो."

"तो मी वापरत नाही. बाजारातून न मिटणारा आणलाय."

"हे मला कसं नाही सुचलं?" तो अगदी मनापासून म्हणाला, जणू त्याची एखादी किल्ली चुकीची घासली गेली होती.

तिच्या तोंडाशी पुष्कळ आलं होतं. पण कामात आहे, एवढंच म्हणून तिने फोन ठेवला.

छत्रीवालीने कोण होतं म्हणून विचारलं. कुशनवालीने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं, नळापासून हातोड्यापर्यंत, काही न गाळता. सांगता सांगता समोरच्या हिरव्या सोफ्याचं कापड तिरकं कापलं गेलं, आणि ते सगळं टाकून तिला नव्याने कापायला घ्यावं लागलं.