मावशीची चेरी

नागपूरच्या दवाखान्यात शेवटचं भेटलो तेव्हा सुमनमावशीनं स्वतःच्या दुखण्याचा शब्दही काढला नाही. "फूल आलं का रे चेरीले?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "आलं. पांढरंशुभ्र!" तिचा चेहरा असा काही उजळला, की पुढे बोलायची माझी छातीच झाली नाही... त्याच आठवड्यात ती गेली. झाड तेव्हा वाळलं होतं, आणि ते मीच वाळवलं होतं.

हिमाचलच्या सहलीवरून मावशीनं ते कलम मांडीवर धरून सौंसरला आणलं. आमच्या उन्हात चेरी! सगळे हसले, सगळ्यात जास्त मी, संत्र्याचा बागवाला. ती कोणाला बधली नाही. उन्हाळ्यात जुन्या लुगड्याची सावली, हिवाळ्यात आळ्यात फ्रिजमधला बर्फ. "त्याले थंडी पाह्यजे, मी देऊन राहिली," म्हणायची. दवाखान्यात जाताना मला बजावलं, "रोज तांब्याभर पानी देजो. तुह्यं संत्र्याचं शहाणपण इथं नोको लावू बाप्पा." मी नेमकं तेच लावलं. संत्र्याला बहार यावा म्हणून आम्ही पाणी तोडून ताण देतो, चेरीलाही दिला. मावशी परतेल तेव्हा झाड फुलांनी भरलेलं दिसावं, एवढंच मनात होतं. हेतू चांगला होता, असं कितीदा स्वतःला सांगतो, पण लाज काही जात नाही.

तेरवीनंतर जवळच्या रामाकोना गावच्या एक बाई घरी आल्या. शिवणकाम करतात, दवाखान्यात मावशीच्या शेजारच्या खाटेवर होत्या. "फुलं आले म्हणून तुमच्या मावशीनं वार्डात सगळ्याइले सांगतलं होतं. म्हटलं, झाड तं पाहून येऊ." नाही कसं म्हणणार? मागच्या अंगणात नेलं. झाड वाळलेलं पाहून मी घाबरून ओतलेल्या पाण्यानं वाळक्या खोडाच्या बुडाशी, कलमाच्या जोडाखालून, हिरवा फुटवा निघाला होता. तो, ज्यावर कलम बांधलं होतं त्या खालच्या रानटी खुंटाचा. मावशीची चेरी त्याला कधीच लागणार नाही. बागेत असा फुटवा दिसला की मी चालता चालता मोडून टाकतो. बाईंना ते काय ठाऊक! त्या खाली बसल्या, पानांवरून हात फिरवला, आपल्या बाटलीतलं पाणी आळ्यात ओतलं. डोळे पुसत म्हणाल्या, "बाई गेली, पण झाड जित्तं ठेवून गेली."

खरं सांगायला मी तोंड उघडलं...

"फळं धरले की खायाले येईन बरं, दादा."

"या, नक्की या," मी म्हणालो.