खडीवर कोणीच खोकत नाही

आमच्या पथकाचे किस्से खडीच्या धुळीसारखे. कितीही झटका, केसांत सापडतातच! आता हसून सांगते; तेव्हा मात्र सगळेच धास्तावलेले होते.

बहात्तरचा दुष्काळ. मी नुकतीच इंग्लंडातून डॉक्टर होऊन आले होते. पारनेरच्या बाजूला दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांच्या जुनाट सायनसचा आणि छातीच्या विकारांचा अभ्यास करायला आमचा तंबू पडला. पहिल्याच दिवशी मी भाषण ठोकलं, "विज्ञान तुमच्या दारी आलंय!" मग विचारलं, "सर्दी, खोकला, डोकं जड होणं, कोणाकोणाला आहे?"

एक हात वर नाही. तेवढ्यात मलाच सटासट शिंका आल्या. सगळ्या बायका माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जणू मी गुन्हाच कबूल केला!

* * *

कारण आमच्या रूथ सिस्टरना कळलं. मुकादमानं दम भरला होता, "आजारी मानूस कामावर दिसता कामा न्हाई."

हौसाबाई तपासायला आली. घरात कमावणारी ती एकटीच. डोळे लाल, गळ्याची शीर फुगलेली.

"खोकला येतो?"

"न्हाई."

एवढं म्हणून ती तंबूमागं पळाली. बराच वेळ ढास चालली होती. ती परत आल्यावर मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"ती दुसरी बाई हुती," हौसाबाई म्हणाली.

* * *

सायनसमधला पू धुऊन काढायची आमची सुई चांगलीच जाड. सिस्टर ती उकळत होत्या आणि म्हातारा म्हादबा टक लावून बघत होता.

"ही नाकात घालनार?"

"हो. पू निघाला की डोकं हलकं होईल."

त्यानं दोन्ही हातांनी नाक झाकलं. "वेसनच म्हना की! आन् मंग जुपनार कुटं?"

* * *

धूळ नाकात जाऊ नये म्हणून मी सगळ्यांना ओल्या फडक्यानं नाकतोंड बांधायला लावलं. रांगच्या रांग बांधून बसली. माझी छाती अभिमानानं फुगली!

मुकादम आला. रांगेवरून नजर फिरवून म्हणाला, "आज लई लोक आजारी दिसत्यात?"

एका क्षणात सगळी फडकी खाली.

* * *

मग आम्ही दिवा आणला. अंधारात तोंडात छोटा दिवा धरायचा, ओठ मिटायचे. सायनस मोकळा असेल तर गाल लाल उजळतो, पू साठला असेल तर काळाच राहतो. आम्ही भरदुपारी तंबूला घोंगड्या लावून अंधार केला. पण बाहेर बोलवा झालीच होती, "ज्याचा गाल काळा, त्याचं काम बंद!"

हौसाबाईचा नंबर आला. तिनं दातखीळ बसल्यागत तोंड मिटलं. "काम गेलं तर चूल बंद व्हईल, डाक्टरीनबाई."

"अहो, यात भिण्यासारखं काय आहे? हे बघा!" म्हणत मी दिवा स्वतःच्याच तोंडात धरला.

कोणीतरी "आगं बया!" म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. कोणी काही बोलेना. सिस्टरसुद्धा.

मी दिवा काढून विझवला. "बघितलंत ना? दोन्ही गाल कसे उजळले!"

हौसाबाई अंधारात चाचपडत जवळ आली. तिचा खरखरीत हात माझ्या उजव्या गालावर टेकला.

"भिऊ नगंस, पोरी," ती कुजबुजली. "मुकादमाला आमी कुनीबी सांगनार न्हाई."