भिंगरीच्या बुटांचे रबरी सोल

माझा भाऊ माणसाच्या तोंडाकडे बघतच नाही. आधी पाय. जिन्याखाली त्याचं बूटदुरुस्तीचं दुकान आहे. आत दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं रस्त्यावर थांबायचं, एवढंच. गिऱ्हाईक बाहेर कुठे भेटलं तर हा मख्खासारखा बघत राहतो. मग नजर खाली जाते आणि चेहरा उजळतो. "अरे, डाव्या टाचेवाले तुम्ही! चालतंय ना नीट?"

शिवाय त्याचे हात सारखे शिवशिवतात. घरी आलेल्या माणसाचा चहा संपेपर्यंत दाराबाहेरच्या त्याच्या चपलेचा अंगठा शिवून तयार असतो. एकदा माझ्या नव्याकोऱ्या सँडलची टाच त्यानं अर्धा इंच कापून टाकली. का, तर म्हणे कंबर दुखली असती! पंधरा दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते. "अरे दादा, विचारायचं तरी!" म्हटलं, तर म्हणतो, "विचारायचं काय त्यात? चूक दिसत होती."

अशा माणसाच्या पोटी भिंगरी जन्मली. हे नाव मीच पाडलं, कारण ही पोर सरळ कधी चाललीच नाही, गिरक्या घेतच घरभर फिरायची. सात वर्षांची असताना ती दुकानात बसलेली, तेवढ्यात बॅले शिकवणाऱ्या बाई आपल्या बुटाची शिवण घालून घ्यायला आल्या. शिवण होईपर्यंत भिंगरी त्यांच्यासारखे पाय बाहेर वळवून उभी. बाईंनी तिचं पाऊल हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून हिला पाठवा." आपल्यासारखंच पायांकडे बघणारं कुणीतरी भेटल्यावर दादा नाही कसं म्हणणार?

त्यानंतरची आठ वर्षं दादानं काय काय केलं म्हणून सांगू! ओट्यासमोरच्या भिंतीत नळाचा पाइप ठोकला, तो धरून पोर सराव करायची आणि वहिनी कुकर लावायला तिच्या पायाखालून वाकून जायची. संध्याकाळी दुकान बंद करून दादा क्लासच्या दाराशी स्टूल टाकून बसे. दाराखालच्या फटीतून त्याला फक्त पावलं दिसत. घरी आल्यावर म्हणायचा, "आज तुझा उजवा पाय रुसला होता." आणि ते खरं असायचं!

आणि मग ती ऑडिशन आली. मोठी बॅलेची शाळा, राहायचं तिथेच, सकाळी अभ्यास, दुपारपासून नाच, आणि शिकून बाहेर पडलं की थेट रंगमंचावर काम. जागा आठ, मुली दोनशेच्या वर. वयाची अट पंधरा, म्हणजे भिंगरीला यंदाच काय ती संधी. शेंडी तुटो की पारंबी तुटो, पोरीनं ठरवलंच होतं.

त्या दिवशी वहिनीची हॉस्पिटलात ड्यूटी, म्हणून दादाबरोबर मी गेले. दादाला म्हटलं, आज तरी खिशातली रापी घरी ठेव, चामडं कापायचं हत्यार घेऊन शाळेत जातात का? त्यानं मान डोलावली. शाळेचा व्हरांडा मुलींनी आणि आयांनी गच्च भरलेला. अंबाडे, पिना, हेअर ड्रायरचा आवाज, आणि प्रत्येक मुलीच्या छातीवर नंबर. आमचा सत्तावन्न. मी दर मिनिटाला तो नंबर चाचपून सरळ करत होते. दादा मात्र खाली मान घालून पाय बघत बसलेला. "त्या बावीस नंबरवालीचा घोटा कच्चा आहे," असं माझ्या कानात सांगत होता.

पहिली फेरी मऊ बुटांवर झाली. निवडलेले नंबर एका बाईंनी दारात उभं राहून वाचले. "सत्तावन्न!" मी अशी किंचाळले की त्या बाईंनी चष्मा खाली करून माझ्याकडे बघितलं. बघेना का! आता दुसरी फेरी, टोकाच्या बुटांवर, म्हणजे ज्यांत पायाच्या अंगठ्यांवर अख्खं अंग तोलतात ते. बूट बदलायला दहा मिनिटं.

भिंगरी धावत आली, जमिनीवर बसली, पिशवी उघडली. दोन आठवडे खपून तिनं ती जोडी पायाजोगती केली होती. वाकवून, दाबून, दारात चेपून. तिनं बूट उलटा केला आणि तशीच थिजली. खाली काळा, जाड, चकचकीत रबरी सोल!

"बाबा..."

"काल तू दुपारी झोपली होतीस ना, तेव्हा बसवला," दादा खुशीत म्हणाला. "एवढासा गुळगुळीत सोल, घसरून पडली असतीस! आता नाही घसरणार."

"बाबा, घसरायलाच पाहिजे! गिरकी कशी घेऊ? रबर जमिनीला धरून ठेवेल, गुडघा मुरगळेल माझा! आणि हा वाकणार कसा?" तिनं दुसरी, जुनी जोडी बाहेर काढली. तिलाही रबर. चारही बुटांना!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दादा! हाताला खाज सुटते का रे तुझ्या? जन्मात एकदा, एकदा तरी विचारायचं होतंस!"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला होता. दाराखालच्या फटीतून त्यानं आठ वर्षं पावलं बघितली, पण सोल जमिनीवर कसा फिरतो ते तिथून कधी दिसलंच नव्हतं. हळूच त्यानं खिशात हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली रापी काढली. घरी ठेवली नव्हती मेल्यानं! त्या क्षणी मला त्याचा एवढा राग आला आणि एवढं प्रेमही आलं, की काय सांगू.

"गरम केलं तर चिकटवलेलं सोल्यूशन सुटेल," तो म्हणाला. मी उडी मारून शेजारच्या आईच्या हातातला ड्रायर ओढलाच. "अहो, माझ्या मुलीचे केस..." "केस वाळतील हो, आमची पोर राहील!" मी गरम हवा सोडली, दादानं कडेनं रापी सरकवली. रबर चर्रकन सुटलं. एक बूट झाला. सहा मिनिटं उरली. दुसऱ्याला वास सुटला तशी ती शेजारीणही वाकून म्हणायला लागली, "तिकडे, तिकडे कोपऱ्यात धरा!" दुसराही सुटला. तीन मिनिटं.

चामड्यावर चिकट थर राहिला होता. सवयीनं दादाची रापी खाली गेली, आणि मध्येच थांबली. त्यानं वर बघितलं. "काय करू? तू सांग."

"थर खरवडा. मग अगदीच घसरू नये एवढे उभे-आडवे चरे पाडा. खोल नको. टाचेकडे अजिबात नको."

आणि त्यानं अगदी तिनं सांगितलं तेवढंच केलं. एक चरा जास्तीचा नाही. रिबिनी बांधत बांधतच भिंगरी आत पळाली, दार लागलं.

पुढचा अर्धा तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. आतून पियानो ऐकू येत होता, बुटांची टकटक येत होती. दादा रबराचे तुकडे मुठीत घेऊन बसलेला. "गुडघा मुरगळला तर माझ्यामुळे," एवढंच दोनदा म्हणाला.

दुपारी भिंतीवर यादी लागली. मुली आतून आल्या, सगळी झुंबड उडाली. मी कोपरं मारत पुढे घुसले. दादा उठलाच नाही, जमिनीकडे नजर लावून बसला. त्याच्यासमोरून पावलं जात होती, फरफटत, टाचा घासत. यादीत मी तेरा बघितला, एकतीस बघितला, सत्तावन्न काही डोळ्यांना सापडेना. तेवढ्यात मागून दादाचा आवाज आला.

"झालं! झालं गं तिचं!"

मी वळले. यादी बघून आलेली पोर अजून एक शब्द बोलली नव्हती. त्याच्यापुढे नुसती उभी होती, अनवाणी, करंगळीला पट्टी, आणि टाचा जमिनीला टेकतच नव्हत्या. मग मला यादीत शेवटून दुसरा दिसला. सत्तावन्न! मी रडले, हसले, त्या ड्रायरवाल्या बाईला मिठी मारली. तिच्या मुलीचं झालं नव्हतं, तरी तिनं माझी पाठ थोपटली.

भिंगरीनं टोकाचे बूट दादाच्या मांडीवर ठेवले. डाव्या बुटाची रिबीन उसवली होती, धागा लोंबत होता. दादाचे हात लगेच शिवशिवले. मी पाहिलं ना! बोटं धाग्यापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"शिवू का?" त्यानं विचारलं.