मिक्सिंगवाले नाना आणि अक्कांचे चार सेकंद

धुळ्याच्या मिक्सिंगवाल्या नानांनी शेकडो नवऱ्या पडद्यावर पाहिल्या, पण बाजारात समोर आलेली नवरी त्यांना ओळखू यायची नाही. तिच्या आजीला मात्र ते लांबूनच ओळखायचे. "यावलची हळद ना? कशा आहात मावशी?" मावशी गोंधळायच्या, हा कोण बाबा! लग्नाच्या शूटिंगची काटछाट करून फिल्म जुळवायची, ते मिक्सिंग. त्यात नाना म्हाताऱ्या माणसांना दोन सेकंद जास्त द्यायचे. "नवरीचे फोटो निघतच राहतील गं," म्हणायचे.

मी जामनेरची. कॉलेज संपल्यावर त्यांच्याकडे शिकायला राहिले आणि पाच वर्षं बोलणी खाल्ली. नाना फुकट मिळणारं, कुणालाही आतून उघडून बघता येणारं सॉफ्टवेअर वापरायचे. पहिल्याच आठवड्यात मी अख्खं लग्न समजून एवढीशी प्रोजेक्ट फाइल पेनड्राइव्हवर घेऊन खोलीवर नेली. उघडली तर सगळीकडे लाल चौकटी, माणूस एकही नाही. दुसऱ्या दिवशी नानांनी तीच फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून दाखवली. आत नुसत्या ओळी. तुकड्याचं नाव, तो डिस्कवर कुठे आहे, कितव्या सेकंदाला सुरू, कितव्याला बंद.

"फाइलमा पिक्चर नही, नुसता पत्ता शे!" रागावले की ते अहिराणीवर यायचे. "पत्रिका खिशात घातली म्हणजे लग्न लागलं का?"

शूटिंगही नानाच करायचे आणि त्यांची बायको, आमच्या अक्का, सोबत लाइट धरायच्या. धरता धरता कधी स्वतःच चौकटीत यायच्या, मग जीभ चावून बाजूला व्हायच्या. "लोकांच्या फिल्ममध्ये आपलं माणूस कशाला? काप," नाना म्हणायचे. कापायचं काम माझं. हात इतका बसला, की अक्का दिसल्या की बोट आपोआप चालायचं.

अक्का गेल्या तेव्हा नाना रडले नाहीत. पंधरा दिवसांनी स्टुडिओ उघडला आणि जुन्या डिस्कवरचं मूळ शूटिंग काढून बसले. जिथे जिथे अक्का चुकून आल्या होत्या, तेवढेच तुकडे जोडत होते. दुसरं कामच घेईनात. एकदा म्हणाले, "माझ्याच्यानं नाही झालं तर तू पुरं कर." मी त्यांच्यावरच खेकसले, काहीतरीच बोलता म्हणून.

मग नानाही गेले. त्यांच्या तेराव्याला त्यांच्या मुलानं विचारलं, "ताई, डिस्क पुसून कॉम्प्युटर भाच्याला देतोय. तुमचं काही राहिलंय यात?"

"नाही, मी फाइल घेतलीय," मी म्हणाले. पाच वर्षं ज्या गोष्टीवरून ओरडा खाल्ला, तीच केली. डोकं बधिर होतं, दुसरं कारण माझ्याकडे नाही.

जामनेरला घरी येऊन उघडली. लाल चौकटी. मग नोटपॅडमध्ये उघडली. पत्ते सगळे जागेवर होते, डिस्क मात्र तोवर पुसली गेली होती. यावल हळद, जामनेर पंगत, धुळे वरात. शेवटच्या तुकड्याला चार सेकंद दिलेले आणि बाजूला नानांनी टिपण लिहिलेलं, "आठे हासनी. कापू नको." इथे हसली. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

तो तुकडा यावलच्या हळदीतला होता. त्यांच्या फिल्ममध्ये तरी तो राहिला असेल म्हणून मी बसने यावलला गेले, त्या घरी बसून ती पाहिली. मावशींनी चहा केला, नानांची चौकशी केली. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "भला माणूस. फिल्म किती सुंदर केली त्यांनी."

फिल्म सुंदरच होती. हळदीच्या ताटानंतर थेट नवरीचा मामा येतो. मधे काही होतं असं कुणालाही वाटणार नाही. तो कट मीच मारला होता.